दोरीच्या आत

लुसिअन : मिस ऑटिली, पाया पडतो तुमच्या, त्या स्टुलावरून उठा.

ऑटिली : ब्याऐंशी वर्षांचे गुडघे आहेत, बाळा. बसायलाच इतका वेळ लागला.

लुसिअन : क्लोविस गिद्रींचं घर बघायला तिकीट काढून आलात ना? मग बघा. दोरीच्या आत फक्त घरातल्या वस्तू, माणसं बाहेर. माझी नोकरी जाईल.

ऑटिली : आधी ती पाटी वाच.

लुसिअन : रोज सहादा पाहुण्यांना वाचून दाखवतो. ‘याच पियानोवर गिद्री यांनी “सोमवारचं धुणं” रचलं.’

ऑटिली : क्लोविसला ट्रम्पेटशिवाय काही येत नव्हतं. पियानोवर तो कॉफीचा कप ठेवायचा. हा डाग त्याचाच. अकरा वर्षं त्याच्या बँडमध्ये पियानो मी वाजवला, आणि ती धून मी बांधली. इथंच बसून. त्याची आई आत राजमा ढवळत होती आणि हा अंगणात चादरी पिळत होता.

लुसिअन : असं सांगणारे महिन्याला दोघं येतात. सगळ्या न्यू ऑर्लिन्सला वाटतं, ती धून आपल्याच काकानं रचली.

ऑटिली : तू काही वाजवतोस?

लुसिअन : ट्रम्पेट. रविवारच्या मिरवणुकीत.

ऑटिली : मग दुसऱ्या ओळीत एक सूर गाळतात, ते ठाऊक असेल.

लुसिअन : त्यालाच ‘गिद्रींचा श्वास’ म्हणतात. मुलांना शिकवतो मी. दिवंगत आईच्या आठवणीनं ते तिथं थांबले, असं पुस्तकात आहे.

ऑटिली : दिवंगत आई राजमा ढवळत होती, सांगितलं ना. हा पियानो कधी दुरुस्त केला?

लुसिअन : छे. ते गेल्यापासून चाळीस वर्षं कुणी बोट लावलेलं नाही. धूळसुद्धा पिसानं झटकतो.

ऑटिली : मग आज लाव. मधल्या दोन काळ्या पट्ट्या आहेत ना, त्यातली उजवीकडची. मी दाबली तर म्हणशील, म्हातारीनं मोडली.

लुसिअन : ...नुसतं टक् वाजलं.

ऑटिली : धून बांधली त्याच्या आदल्या वर्षी पुराचं पाणी घरात शिरलं, तेव्हापासून मुकी आहे. तो सूर मला मिळत नव्हता, म्हणून गाळला. क्लोविसच्या ट्रम्पेटचं काय अडलं होतं?

लुसिअन : (ती ओळ गुणगुणून बघत) काहीच नाही. उलट ओठ आपोआप त्या सुरावर जातात. गाळायलाच त्रास होतो.

ऑटिली : होणारच.

लुसिअन : तेव्हा बोलला का नाहीत?

ऑटिली : बोलले की. तबकडीवाले म्हणाले, गिद्रीचं नाव खपतं. क्लोविस म्हणाला, पुढच्या तबकडीवर तुझं घालू. तो गेला तेव्हा मी पोटभर रडले, बाळा. पण राग आहे तो आहे.

लुसिअन : अकरा वाजताच्या फेरीची मंडळी फाटकात आली. पाटी बदलणं माझ्या हातात नाही, मिस ऑटिली.

ऑटिली : तोंड तर तुझंच आहे?

लुसिअन : ...आहे. सांगतो त्यांना. नोकरी गेली तर गेली. दोरी परत लावू?

ऑटिली : लाव. मला आत ठेवून.