रिकाम्या खोलीतली शांतता

जबाब देणाऱ्याचे नाव बेपत्ता नोंदीत तक्रारदार म्हणून लिहिल्याप्रमाणे. वय ७४ वर्षे. व्यवसाय तर्कशास्त्राचा निवृत्त अध्यापक. राहणार वरचा मजला, तळमजल्यावर धाकट्या भावाची रेकॉर्डची कार्यशाळा.

मी समक्ष ठाण्यात येऊन सांगतो की, माझा धाकटा भाऊ सात वर्षांपूर्वी दुपारी दम्याचे औषध आणतो म्हणून बाहेर पडला, तो परत आला नाही. त्याला मृत मानावे, असा अर्ज भावजयीने केला आहे. घर विकून तिला मुलीकडे जायचे आहे. अर्जास माझी संमती होती आणि आज मी सहीसाठीच येणार होतो. ती सही मी का करत नाही, एवढाच या जबाबाचा विषय आहे.

जुन्या इटालियन गुन्हेपटांचे पार्श्वसंगीत विनाइल रेकॉर्डवर नव्याने काढणे, हा भावाचा व्यवसाय. आता तो त्याचा भागीदार पाहतो. माणूस सचोटीचा आहे. "चित्रपट टुकार, पण खून सुरात," असे तो गिऱ्हाइकांना सांगतो.

मूळ टेप जिथे झिजलेली असते तिथे आवाज तुटतो. ती जागा कोरी सोडली तर ऐकणाऱ्याला अंधारात पायरी चुकल्यासारखे होते. म्हणून तिथे एखाद्या खोलीची शांतता ध्वनिमुद्रित करून भरतात. भावाचा दंडक असा की, यंत्र सुरू करून सर्वांनी बाहेर जायचे आणि दार ओढून घ्यायचे. "दादा, माणूस नुसता उभा असला तरी ऐकू येतो," तो म्हणे. मी एकदा श्वास रोखून आत थांबतो म्हणालो. "तू विचार करतोस तेसुद्धा ऐकू येतं," म्हणत त्याने मला दंडाला धरून बाहेर काढले.

गेल्या आठवड्यात भागीदाराने नवी रेकॉर्ड वर आणून लावली. दुसऱ्या बाजूला ट्रम्पेट संपतो आणि पुढील धून सुरू होण्यापूर्वी अशी भरलेली शांतता आहे. तीत एक श्वास ऐकू येतो. आत घेताना आखूड, सोडताना लांब, शेवटी बारीक शीळ. लहानपणी मी त्या श्वासाशेजारी झोपत असे.

"ही शांतता त्याने घेतलेली, जुनी असेल," मी म्हणालो.

"नाही हो सर. खाली घरघर ऐका. शेजारची लिफ्ट यंदा बसली. ही मीच घेतली, खाली कार्यशाळेत, तीन महिन्यांपूर्वी."

"तू आत होतास?"

"दार ओढून जिन्यात उभा होतो. तुमच्याशीच तर बोलत होतो! मिशी काढली म्हणून टोमणा मारलात, आठवतं?"

मला आठवले. खोलीला दार एकच आहे, आणि त्यासमोर आम्ही दोघे होतो. खिडकीला गज आहेत. मूळ मुद्रण मागवून ऐकले. श्वास त्यातही आहे.

भावजयीला ऐकवू नये, असे भागीदाराचे मत होते. माझे मत वेगळे पडले. तिने ती जागा दोनदा ऐकली. रडली नाही. म्हणाली, "भावोजी, खाली धूळ फार झालीय. ह्यांना धूळ सोसत नाही." कार्यशाळेत तिने सात वर्षे पाऊल टाकले नव्हते. ती केरसुणी घेऊन खाली गेली.

जबाब घेणाऱ्या अधिकाऱ्यांनी विचारले, "आजोबा, भूत असं लिहू का?" तो शब्द मी उच्चारलेला नाही, तो लिहू नये. भाऊ जिवंत आहे, असे माझे विधान नाही. तसा पुरावा माझ्याजवळ नाही. तो नाही, या विधानाविरुद्ध मात्र आता माझ्याजवळ पुरावा आहे. सबब त्याचा शोध बंद करू नये, अशी माझी मागणी आहे.

भावजय अर्ज मागे घेणार काय, हे मी तिला विचारलेले नाही. आज निघताना कार्यशाळेचे दार उघडे होते. फरशी ओली होती आणि उंबऱ्याशी त्याच्या चपला पुसून ठेवल्या होत्या.

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. श्वासाच्या वाक्यापाशी अधिकारी थांबले, उठून पंखा बंद केला. नंतर उरलेले वाचले. मजकूर मी सांगितला तसाच व बरोबर आहे. सही फक्त या कागदावर केली. संमतीचा कागद कोरा परत दिला.