पाळण्याचं इंजन

नवं इंजन बसवू का, हे मला विचारू नका. आधी आमच्या मालकाचं ऐका. मी अन् मारोती जवळा बाजारच्या जत्रेत मालकाचा रहाटपाळणा हातानं फिरवायचो. त्याला विहिरीवरचं डिझेल इंजन लावावं का, हे मालकाचं ठरेना.

मारोती म्हणला, “नका लावू. कोणी ओरडलं की आमी थांबतो. ते न्हाई थांबत.”

“म्हणून तर आणून राहिलो! तुमी लई थांबता.”

इंजन आलं. पाळणा भन्नाट फिरला. संध्याकाळी मालकाचं धोतर इंजनाच्या पट्ट्यात गुतलं अन् पट्ट्यानं त्याला आत ओढलं. मालक ओरडला, “थांब! थांब!” आमी पोचेस्तोवर सगळं संपलं होतं.

मढं काढताना मारोती म्हणला, “मालक जिंदगीत पहिल्यांदा थांब म्हणला, अन् म्हणला कोणाला!”