द्राक्षाच्या घडाची चौकट

— हां हां, लांबूनच बघ, अक्षदा बाळा, रंग ओला आहे. सकाळीच दुसरा हात मारलाय. का गं? तोंड असं का केलंस? चौकट तूच सांगितली व्हतीस ना — अर्धा मीटर लांब, अर्धा मीटर रुंद? टेप लाव, दोऱ्याचा फरक निघाला तर मेहबूब वेल्डर हे नाव लावणार नाय. मधी? मधी द्राक्षाचा घड आहे. बारा मणी, दोन पानं, सगळं हातानं वाकवलेलं. मोकळी पाहिजे म्हणालीस ते ऐकलं व्हतं गं, बहिरा नाय झालो अजून — पण तीस वर्षं जुन्नरात खिडक्यांची ग्रिलं करतोय, मोकळी चौकट या दुकानातनं कधी गेली नाय. निमगाव साव्याला तुमच्या घराच्या खिडक्यांत मोर कुणी बसवले? मीच ना? तुझ्या बापानं, सुभाषनं, साधे गज सांगितले व्हते. मोर बघून काय बोलला का? बोलला? लई बोलला? असू दे, त्याला कळत नाय.

बरं, घडाची अडचण काय, ते तर सांग. चौकट खडकावर ठेवायची आणि आतली जनावरं मोजायची — गोगलगायी, खेकडे, ते काटेरी गोळे, हाडं नसलेले सगळे. आधी रेल्वे, मग कोचीवरनं जहाज, पार लक्षद्वीपच्या कडेच्या बेटावर, वाटेत उलट्या — कशासाठी, तर हाडं नसलेल्यांची शिरगणती! आणि शिरगणती तरी कशी म्हणू, निम्म्यांना शीरच नाय म्हणतेस! घडाखाली बसलेला दिसणार नाय? मग घड जरा बाजूला — नाय, तो वेल्ड केलाय, खरं आहे. आणि ही कडी बघितलीस का? ही मी आपणहून लावली. मोजता मोजता खेकडा पळाला तर? झाकण टाकायचं, कडी घालायची, निवांत मोजायचं. वजन? अकरा किलो. वादळ आलं तरी जागची हलायची नाय. — फेकायची? कशी फेकायची? डोळे झाकून? माझी चौकट तू डोळे झाकून फेकणार? हां... म्हणजे आपल्याला आवडलेली जागा निवडली जाऊ नये म्हणून. पडंल तिथलं मोजायचं. कळलं. नाय कळलं, पण असू दे.

रडू नको गं. रडत नाय? मग डोळे का पुसतीस? चारची पुण्याची गाडी, ते ठावं आहे मला. मग? चौकट नसली तर मोजणी नाय, मोजणी नाय तर कॉलेजचे सर तुझं नाव यादीतनं काढणार? आणि पुढची यादी वर्षानं? अगं, मग हे आधी नाय का सांगायचं!

थांब. एक सांगतो, पण तुझ्या कौसरचाचीला सांगू नको, ती मला महिनाभर हसत बसंल. मोकळी केली व्हती मी. सोमवारीच. तू सांगितली तश्शी — स्टीलच्या बारीक नळीची, दीड किलोसुद्धा नाय, गंजायची भानगड नाय. दाराशी टांगली आणि झालं! हौशीराम आला कुळवाची मोडकी फास सांधायला घेऊन, म्हणतो, ‘मेहबूबभाई, आरसा फुटला का?’ मागनं समोरचा दादाभाऊ चहावाला — त्यानं चौकटीतनं मुंडकं काढलं, म्हणतो, ‘फोटो कसा आलाय? हार आणा!’ दिवसभर हेच. मग लपवली पत्र्यामागं आणि बसलो घड वाकवत, चार दिवस. म्हटलं, तिथं बेटावर कुणी बघितलं तर म्हणंल, जुन्नरच्या वेल्डरनं काम अर्धवट सोडलं. — कुणी राहतच नाय? त्या बेटावर एकसुद्धा माणूस नाय? अगं, मग माझी लाज कुणापुढं जाणार व्हती, खेकड्यांपुढं?

घे ही. हलकी आहे ना? हां, आता हसली. पण एकदा फेकून दाखव मला. इथंच, रस्त्यावर. स्टँड काय लांब नाय, वीस मिनिटं हायेत. झाक डोळे — किटलीकडं नको गं! — हां, पडली. आता आतलं मोजायचं? हाडं नसलेलं? मुंगळेच हायेत. आणि हे लाल, बारीक — ते वेगळं धरायचं? बरं, वेगळं. पाच... सहा... हा नळीवरच बसलाय, हा आत का बाहेर? अर्धा आत आहे गं. दादाभाऊ, पाय मागं घे, मोजणी चालू आहे! हसतोस काय, सरकारी काम आहे! — गाडी लागली? लागू दे. आता नको उचलू, अक्षदा, आत्ताशी रंगात आलंय. तू हो पुढं, जागा धर, कंडक्टरला सांग, मेहबूबभाई पळत चौकट घेऊन येतोय. जा म्हणतो ना! एवढं एक बीळ राहिलंय, त्यातनं अजून निघतायत... चौदा... पंधरा... बोलू नको आता — श्श —