मम्माला कळलं तर

मेम्फिसमधल्या त्या रेकॉर्डच्या दुकानाबाहेर सकाळीच रांग लागली होती. चार महिन्यांच्या लेकीला छातीशी बांधून डेनिशा रांगेत उभी होती आणि पोर उठेल या धास्तीने जागच्या जागी झुलत होती. तिच्या पुढे दोन म्हाताऱ्या बहिणी होत्या, चर्चच्या टोप्या घातलेल्या.

“व्हर्लीन, पळतेस कुठे? पन्नास वर्षांनी तुझे दोन्ही अल्बम पुन्हा निघालेत!”

“तेव्हा खोटं नाव लावलं होतं, ओझेला. आता खरं छापलंय. वर माझा फोटो!”

“मग?”

“मग काय मग! रविवारी चर्चमध्ये देवाची गाणी आणि सोमवारी स्टुडिओत प्रेमाची. मम्माला कळलं तर सोलून काढेल.”

“बाई गं, तू पंच्याहत्तर वर्षांची आहेस.”

“आणि ती शहाण्णवची. हात अजून चालतो तिचा.”

“हसवू नकोस, मागे बाळ झोपलंय.”

“अगं, फोन! मम्माच आहे. तू बोल.”

“मी कशाला? गायलीस तू!”

“हॅलो, मम्मा? मी ना... बाजारात. भेंडी घेतेय.”

फोनमधला आवाज डेनिशापर्यंत खणखणीत पोचला.

“भेंडी राहू दे. रांगेतून हलू नकोस. दुसरा अल्बम माझ्यासाठी घे, माझा पार झिजलाय.”

“तुझा? मम्मा, तुला माहीत होतं?”

“नाव बदललंस, गळा कुठे बदललास? आणि तिसऱ्या गाण्यात ओळीच्या मध्येच श्वास घेतलायस. घरी ये, बघते तुझ्याकडे!”