कडेचे आकडे

नाही गं, ‘फिल्म फिरत होती काका’ हे मला सांगू नकोस, पहिल्या वर्षाचं प्रत्येक पोर हेच सांगतं — आधी आत ये, दार लाव, आत काही काम चालू नाही, दिवा लावलेलाच आहे. हं. सव्वीस वर्षं या डार्करूमवर आहे मी. आधी सर होते, आता बाई आल्या, पण खोली उघडतो मी आणि बंद करतोही मीच. तर काय होतं, कॅमेऱ्यात फिल्मचं टोक नीट अडकवलं नाही ना, की फिल्म जागच्या जागी राहते, आणि आपण आपले खटाखट बटण दाबतोय, छत्तीस झाले म्हणून खूश! पहिल्याच तासाला बाईंनी सांगितलं होतं, फिल्म पुढे ओढताना डावीकडचा नॉब फिरतोय का बघत जा. बघितलंस? प्रत्येक वेळी? बरं, बघितलं असशील. माणसाला वाटतं आपण बघितलं.

आता रडू नकोस, उभी राहू नकोस अशी, बस त्या स्टुलावर. माहीत आहे मला, तूच सांगितलंस ना — वडील जहाजावर आचारी, चार दिवसांसाठी घरी आलेले, जन्मात कधी फोटोला उभे राहिले नाहीत आणि तुझ्या वर्गासाठी म्हणून राहिले, दाढीसुद्धा न करता, बनियनवर कांदा चिरत. आणि परवा परत जहाजावर गेले. आता दहा महिने यायचे नाहीत. मी काय दगड आहे? मलाही मुलगी आहे, दोन महिन्यांनी फोन करते. पण बाईंनी विचारलं, रोल कोरा कसा, तर मी काय सांगायचं? म्हटलं, पोरीनं फिल्म नीट भरली नाही. उद्या सगळ्यांचे फोटो भिंतीवर लागणार, तुझी जागा रिकामी राहणार, नापास करायचं की नाही ते बाई बघतील — त्याला मी काय करू? नाचता येईना अंगण वाकडं, तसलं बोलायचं नाही मग.

काय? बाटल्या? बाटल्यांचं कोणी सांगितलं तुला? हे बघ, आधी डेव्हलपर, त्यानं चित्र उमटतं, मग फिक्सर, त्यानं पक्कं होतं — हे माझ्या हाताला पाठ आहे. उलटं झालं तर फिक्सर चित्र उमटायच्या आधीच सगळं धुऊन नेतो, संपलं, हे मला शिकवायला नको कोणी. दोन्ही बाटल्या सारख्या दिसतात, मान्य, म्हणून तर फिक्सरच्या बाटलीला मी रबरबँड लावतो, हाताला लागला की कळलं, वाचत बसायला नको — नाही, वाचता येत नाही असं कुठे म्हणालो? येतं की. बारीक अक्षर जरा... पुढच्या महिन्यात तपासणी आहे, तेव्हा बघू, आणि अंधारात काम करणाऱ्याला डोळे लागतात कशाला? हे बाईंना बोलू नकोस हं. निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय, त्यात मला मधेच घरी बसवतील, आणि घरी — असो. रबरबँड काल तुटला, सकाळी सिंकमध्ये सापडला, पण तो काम झाल्यावर तुटला असेल ना? आणि फिक्सरला आंबट वास येतो, नाकानंच कळलं असतं — आता मला आठवडाभर सर्दी आहे ही गोष्ट वेगळी. मुळात मी तुझा रोल धुतलाच का? तुला अंधारात फिल्म रिळावर चढवता येत नव्हती, म्हणून मीच म्हटलं, ठेव पोरी, मी करतो, तुझी बस चुकेल. भलाई करायला जावं तर हे!

बरं, तुला असं नाही पटायचं, पुरावाच देतो. ती बघ, तारेवर तुझी फिल्म वाळतेय, काढ, काढ तूच. मागच्या वर्षी एक पोरगा होता, कायम टोपी घालायचा, त्याचाही रोल असाच कोरा, तो माझ्यावर घसरला, काकांनी वाट लावली म्हणून. मी ती फिल्म बाईंसमोर दिव्याला धरली. म्हटलं, बघा, मधे काही नाही, पण कडेला आकडे आहेत, एक ते छत्तीस, स्वच्छ काळे! ते कंपनीनं आधीच टाकलेले असतात, फोटो काढा की काढू नका, धुणं बरोबर झालं की ते उमटणारच. म्हणजे धुणाऱ्याची चूक नाही, फिल्म भरणाऱ्याची आहे. बाई म्हणाल्या, काका, तुमच्याकडून शिकावं. सगळ्या वर्गासमोर म्हणाल्या. आणि आकडेच नसतील, तर मग—

काय बघतेस? कडेला काय बघायचंय? इकडे दे. तो दिवा मंद आहे, दिसणार नाहीत त्याच्यात. खिडकीशी कशाला जातेस? अगं, कधीकधी नसतातही, एखाद्या कंपनीचे — दिसतात का? एखादा तरी? नीट बघ ना, तुझे डोळे चांगले आहेत.

नाहीत.

माफ कर, पोरी. वडील तुझे... दहा महिने, नाही का. सकाळी तारेवरच्या फिल्मच्या कडेवर बोट फिरवून बघितलं होतं मी, बोटाला काय कळणार, भिंग घ्यायची हिंमत झाली नाही, आणि तसाच बाईंकडे जाऊन बोललो.

नाही, इथे ठेवू नकोस ती. माझ्याकडे देऊ नकोस म्हणतो ना! घरी जाईपर्यंत मी तिचे तुकडे करीन, मला माझा भरवसा नाही. बाई अजून त्यांच्या खोलीत आहेत, पाच वाजता निघतात. मी येत नाही, माझ्याच्यानं नाही व्हायचं. कडा धरून ने, मधे बोटं लावू नकोस. जा. अगं, जा ना!