उघड्यावरचा भाव

तुम्ही म्हणता, लोकांच्या भल्यासाठी झटणाऱ्या मास्तरला लोक डोक्यावर घेतात. मग माझंच ऐका.

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता, अन् साल दुष्काळाचं. शाळा सुटली की मी गावोगाव सांगत फिरायचो, "अडतीत रुमालाखाली बोटं दाबून सौदा होतो, तुम्हाला काही कळत नाही. भाव मोठ्यानं बोलायला लावा!"

आमच्या गावचा शिवाप्पा एकदाचा तयार झाला. त्याच्या रानात सगळी मिळून एकच पोतं तूर झालेली. मी सोबत गेलो, अडत्याशी तासभर भांडलो. शेवटी वैतागून तो भाव मोठ्यानं बोलला, अन् तोही शेजारच्या ढिगापेक्षा चढा.

मी खुशीत शिवाप्पाकडं पाहिलं, तर त्याचं तोंड उतरलेलं. मला पोत्यामागं ओढून त्यानं खांद्यावरचा टॉवेल माझ्या हातावर टाकला अन् खालून माझी बोटं धरली.

"गुरुजी, लोकांपुढचं झालं. आता ह्यात तुमचं किती, ते दाबा."

"अरे, माझं काहीच नाही!"

"काहीच न्हाई?" त्यानं झटकन माझी बोटं सोडली. "म्हंजे लईच मोठं असंल."

अन् तडक अडत्यापुढं जाऊन बसला.

"मालक, काढा तुमचा रुमाल. तिथं कोण खातंय, ते तरी ठाऊक हाय."