मांडवाचे आठ बांबू

सत्यनारायणाचं नाव काढलंत म्हणून सांगतो. हडपसरला रंगाचा जुना कारखाना पाडून आयटीवाल्यांची इमारत उठत होती. खालची माती वर्षानुवर्षं थिनर पिऊन बसलेली. तिची विषारी वाफ वर येऊ नये म्हणून फरशीखाली जाड प्लास्टिकचा कागद अंथरायचा आणि काँक्रीट पडण्याआधी तो मी तपासायचा. त्याला टाचणीएवढं भोक चालत नाही.

जाऊन बघतो तर त्याच कागदावर पूजेचा मांडव! आठ बांबू कागद फोडून जमिनीत ठोकलेले.

मी कॉन्ट्रॅक्टरवर ओरडलो, "अहो, हे काय केलंत?"

"साहेब, काँक्रीट पडलं की सगळं झाकलं जातं. आणि पूजा झालीय, आता कसली भीती?"

"पूजा झालीय हे त्या वाफेला सांगितलंत का? भोकं बुजवल्याशिवाय माझी सही मिळणार नाही."

तेवढ्यात मालक शिऱ्याचा द्रोण घेऊन आले. "शुभ दिवशी कटकट कशाला? चार भोकांनी काय होतंय?"

"काही होत नाही ना? मग तुमची केबिन इथेच करा."

"छे हो! माझी केबिन तिसऱ्या मजल्यावर. खाली कामाला येणारी पोरंपोरी बसतील," ते म्हणाले. "इथे वास येतो ना!"